कलावंताने शास्त्र किती शिकावे?



बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे सल्ला विचारण्यास येणाऱ्यांचे विषय बहुधा ठरलेले असतात. मुदत ठेव कोणत्या मुदतीची करावी, वारसाची नोंद राहून गेली आहे का, भागीदारीच्या करारपत्रात कोणते कलम असावे, असे. या सदरातही आपण याच विषयांभोवती अधिक फिरतो. परंतु गेल्या चातुर्मासात माझे एक स्नेही, कापडाचे जुने व्यापारी, हातात पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले आणि त्यांनी जो प्रश्न टाकला त्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही.

त्यांच्या सौभाग्यवतींनी मासक्षमण केले होते. तीस उपवासांच्या पारण्याचा प्रसंग, म्हणून अनुमोदनेची पत्रिका काढायची होती. ती धाकट्या सुनेने स्वतः चितारली. शाळेत असताना तिने चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा दिलेली, हात चांगला. लग्नानंतर ती टॅब्लेटवर चित्रे काढू लागली आणि मसाल्याची, मिठाईची लेबले, कुणाची लग्नपत्रिका अशी किरकोळ कामे घरबसल्या तिच्याकडे येऊ लागली. सासूबाईंच्या पत्रिकेसाठी तिने समवसरणाचे चित्र केले. घरचे सारे आवरल्यावर बसायची, असे अकरा रात्रींचे काम. पाठीमागचे आकाश तिने असे गर्द, तेजस्वी निळे रंगविले होते की टॅब्लेटवर पाहणारा क्षणभर थबके. घरातल्या सर्वांनी ते पाहिले, वाखाणले आणि दीड हजार प्रती छापावयास गेल्या.

छापून आलेले आकाश जांभळट आणि मळकट होते. सासूबाईंचा फोटो धुरकट उमटला होता. त्यावर कळस म्हणजे ‘निमित्त’ आणि ‘विनंती’ या शब्दांतील पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येऊन बसली होती.

छापखानेवाल्याचे म्हणणे, फाइल जशी आली तशी छापली. सुनेचे म्हणणे, माझ्या टॅब्लेटवर अजूनही सारे ठीक दिसते. सासऱ्यांचे म्हणणे, आम्ही पूर्वी छापखान्यात बसून पत्रिका करवून घेत होतो तेव्हा असे होत नव्हते. आपल्या अनेकान्ताचा याहून चांगला वस्तुपाठ मला अलीकडे मिळालेला नाही, कारण तिघेही आपापल्या जागी खरे बोलत होते. पारणे दोन दिवसांवर, म्हणून दुसरीकडून नुसत्या मजकुराची साधी पत्रिका घाईने छापून वाटली गेली. पहिल्या दीड हजार मात्र गोदामात पडून राहिल्या. भगवंतांचे चित्र असल्यामुळे त्या रद्दीत घालता येत नाहीत, आशातना होते. सुनेने टॅब्लेट कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून ती दुकानाच्या गल्ल्यावर बसू लागली.

“साहेब,” शेठजी म्हणाले, “पुण्यात दोन वर्षांचा कोर्स आहे, फी लाखांत. मोठा मुलगा म्हणतो, यूट्यूबवर सगळं फुकट आहे. व्याही म्हणतात, शिकायचंच कशाला, आता एआय करून देईल. तुम्ही हिशेबी माणूस. सांगा, हिला किती शिकवायचं?”

कर्जाचा अर्ज आला की आम्ही प्रथम विचारीत असू, पैसा कशासाठी हवा आहे? येथे तोच प्रश्न विद्येविषयी विचारावयाचा होता, आणि मला त्या विद्येतले काहीच ठाऊक नव्हते. मग आमच्या गावातील एका छापखानदाराच्या परवानगीने मी आणि ती सून, दोघे तीन आठवडे सकाळी दोन-दोन तास त्याच्या छापखान्यात जाऊन बसलो. (पहिल्या दिवशी तिला घराबाहेर काढण्यासाठी मला सासूबाईंची मदत घ्यावी लागली, हेही नमूद केले पाहिजे.)

प्रथम बँकेतील एक आठवण सांगतो. मी एम.कॉम. होऊन नोकरीस लागलो तेव्हा द्विनोंदी पद्धतीवर व्याख्यान देऊ शकत होतो. एका संध्याकाळी दिवसाचा मेळ 180 रुपयांनी चुकला. मी तर्कशुद्ध रीतीने एकेक व्हाउचर तपासू लागलो. आमचे हेडक्लार्क जेमतेम मॅट्रिक. त्यांनी तफावतीच्या आकड्याकडे पाहिले आणि म्हणाले, “नवाने भाग जातो आहे. कुणीतरी आकडे उलटे लिहिले.” पाच मिनिटांत 4,860 ऐवजी 4,680 लिहिलेली नोंद सापडली. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या मुनीमजींना ही युक्ती ठाऊक असेच. ती का लागू पडते हे हेडक्लार्कना सांगता आले नसते. मला ते कागदावर सिद्ध करता आले असते, पण युक्ती माहीत नव्हती. त्या संध्याकाळपुरता निकाल स्पष्ट होता.

पुढे संगणक आले. एकच रक्कम टंकली की नावे आणि जमा दोन्ही बाजूंना ती आपोआप जाऊन बसे. आता 4,860 ऐवजी 4,680 टंकले तर तेच चुकीचे 4,680 दोन्हीकडे जाई. मेळ बिनचूक जुळे आणि ग्राहकाचे खाते मात्र 180 रुपयांनी चुकलेले राही. नवाचा नियम तेथे मुका झाला. ज्यांना नियमामागचे कारण कळत होते त्यांनी ओळखले की चूक आता बेरजेत सापडणार नाही, नोंद आत शिरते त्या जागीच ती पकडावी लागेल. ज्यांना नियम तेवढाच पाठ होता ते मेळ जुळला म्हणून निश्चिंतपणे घरी गेले.

हाताच्या युक्त्या हत्याराशी बांधलेल्या असतात. हत्यार बदलले की त्यांचे आयुष्य संपते. कारण मात्र नव्या हत्यारालाही लागू पडते. संगणकावर चित्रे काढणाऱ्यांचे हत्यार तर वर्षाआड बदलते.

असे असले तरी सगळे शास्त्र शिकावे, असे माझे म्हणणे नाही. ते कसे, हे मला शेठजींच्याच दुकानात उमगले. मी बसलो असता एक गिऱ्हाईक भगिनी आल्या. साडी पसंत पडली, ब्लाउजपीसही जुळले. मग शेठजी स्वतः म्हणाले, “ताई, जरा उंबऱ्याशी नेऊन उजेडात बघा.” उजेडात पाहिले तर साडी आणि ब्लाउजपीस यांच्या छटा निराळ्या! ट्यूबलाइटखाली एक दिसणारे दोन रंग उन्हात वेगळे होऊ शकतात, कारण दोन कापडांना वापरलेली रंगद्रव्ये भिन्न असतात आणि प्रत्येक द्रव्य प्रकाशातील निराळा भाग परत पाठविते. शास्त्रात याला मेटॅमेरिझम म्हणतात. शेठजींनी तो शब्द आयुष्यात ऐकलेला नाही. त्यांना रंगद्रव्यांचे रसायन नको आहे. परंतु आपला माल आपल्या उजेडातून दुसऱ्याच्या उजेडात जाताना काय होते, तेवढे त्यांना पक्के ठाऊक आहे, आणि त्यांच्या दुकानाची पत त्यावर उभी आहे.

मी त्यांना म्हणालो, “शेठजी, तुमच्या सुनेची साडी उंबऱ्याशी नेऊन कुणी पाहिलीच नाही.”

काम आपल्या हातातून दुसऱ्याच्या हातात, एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जेथे जाते, त्या उंबऱ्यावरचे शास्त्र चित्रकाराला कारणासह कळले पाहिजे. उंबऱ्याच्या आतले हातानेही भागते. उंबऱ्याच्या फार पलीकडचे त्या त्या जाणकाराला विचारता येते. त्या तिन्ही चुका उंबऱ्यावरच्याच होत्या, म्हणून त्या क्रमाने पाहू.

टॅब्लेटचा पडदा हा दिवा आहे. त्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन सूक्ष्म दिवे शेजारीशेजारी असतात आणि त्यांच्या कमीअधिक उजेडातून सारे रंग होतात. प्रत्येक दिव्याच्या 256 पायऱ्या धरल्या तर 256 गुणिले 256 गुणिले 256, म्हणजे 1,67,77,216 मिश्रणे होतात. तिन्ही दिवे पूर्ण पेटले की पांढरा, तिन्ही विझले की काळा. कागद मात्र दिवा नव्हे. त्यावर पडलेल्या उजेडातून शाई काही भाग शोषून घेते आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे येतो. छापखान्यातील चार शाया सायन, मॅजेंटा, पिवळी व काळी. पडद्यावर रंग मिसळावे तसा उजेड वाढतो, कागदावर शाई वाढवावी तसा उजेड घटतो. एक जमेचा व्यवहार, दुसरा वजावटीचा. साहजिकच पडद्यावरचे कित्येक तेजस्वी रंग चार शायांच्या आवाक्यात येतच नाहीत. शुद्ध निळा हा त्यांतला सर्वांत फसवा. तो शाईत उतरविताना सायन आणि मॅजेंटा जवळजवळ सारख्या प्रमाणात पडतात आणि आकाश जांभळे होते. छापखान्यातील मशीनमनने आम्हाला सांगितले, “सायन शंभर टक्के असेल तर मॅजेंटा सत्तरच्या आत ठेवा, निळा निळाच राहील.” ही युक्ती. वर सांगितले ते कारण. सुनेला दोन्ही मिळाले, आणि दुसऱ्याच दिवशी तिने स्वतःहून विचारले, “मग चटकदार हिरवा आणि केशरीसुद्धा असेच मरत असतील ना, काका?” होय, तेही मरतात. कारण कळलेला माणूस पुढची चूक होण्यापूर्वी प्रश्न विचारतो, ते असे.

आपल्या पंचरंगी ध्वजाचेच उदाहरण घ्या. भगवान महावीरांच्या 2500व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, 1975च्या सुमारास, सर्व पंथांनी मान्य केलेला हा ध्वज. मधला पांढरा पट्टा अरिहंतांचा, लाल सिद्धांचा, पिवळा आचार्यांचा, हिरवा उपाध्यायांचा, आणि काळा किंवा गर्द निळा साधूंचा. पडद्यावर यातील पांढरा सर्वाधिक खर्चाचा, कारण तिन्ही दिवे पूर्ण जळतात. कागदावर मात्र पांढऱ्याला शाईच नसते. तेथे काहीही न छापता कागद मोकळा सोडायचा, तोच अरिहंतांचा श्वेतवर्ण. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसून होतो.

आता धुरकट फोटोविषयी. फोटो मोबाइलवरून मोबाइलवर येताना आकसला होता. आडवे 1080 ठिपके, म्हणजे पिक्सेल, एवढेच शिल्लक होते. छपाईसाठी इंचाला 300 ठिपके हा सर्वपरिचित दंडक. 1080 भागिले 300 म्हणजे 3.6 इंच. तेवढ्या रुंदीला तो फोटो चालला असता, पण तो जवळजवळ दुप्पट रुंदीला ताणला गेला.

परंतु या तीनशेच्या दंडकाचीही एक गंमत आहे. सुनेने पूर्वी एकदा दहा फूट रुंद आणि सहा फूट उंच फ्लेक्स तीनशेच्या हिशेबाने करावयास घेतला होता आणि तिचा संगणक बंदच पडला. गणित करू. दहा फूट म्हणजे 120 इंच, गुणिले 300 म्हणजे 36,000 ठिपके. सहा फुटांचे 21,600. गुणाकार 77 कोटी 76 लाख. संगणकाने मान टाकली यात नवल ते काय! हा तीनशेचा आकडा येतो कोठून? निरोगी डोळ्याला सुमारे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक वेगळा ओळखता येतो. हातभर अंतरावर, सुमारे एक फुटावर धरलेल्या कागदावर तेवढा कोन म्हणजे इंचाचा जवळपास तीनशेवा भाग. त्याहून बारीक ठिपके डोळ्याला सुटे दिसत नाहीत. म्हणजे दंडक अंतराचा आहे. फ्लेक्स दहा फुटांवरून पाहायचा तर दहावा हिस्सा, इंचाला तीस ठिपके पुरतात, आणि वरचा गुणाकार 77 लाख 76 हजारांवर येतो. शंभरावा भाग! आजच्या साध्या मोबाइलचा मूळ फोटो त्याला पुरून उरेल. एका आकड्याचे कारण ठाऊक नसल्यामुळे एकदा संगणक बंद पडला आणि एकदा पत्रिका बिघडली. माझ्या अनुभवाने सांगतो, व्याजाच्या दरातही माणसे अशीच फसतात. दर पाठ असतो, तो कोणत्या मुदतीवर आहे हे विचारलेले नसते.

वेलांटीचा प्रकार तर आपण मराठी वाचकांनी रोजच्या फलकांवर पाहिलेला आहे. युनिकोडमध्ये ‘नि’ साठविताना आधी ‘न’ आणि मागाहून ऱ्हस्व वेलांटी अशाच क्रमाने साठवितात, कारण आपण उच्चार त्या क्रमाने करतो. वेलांटी उचलून अक्षराच्या आधी आणून बसविणे हे दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम. चित्रे व मांडणी करणारी काही सॉफ्टवेअरे देवनागरीसाठीची ती व्यवस्था मुद्दाम चालू केल्याशिवाय हे काम करीत नाहीत आणि मग वेलांटी उघडी पडते, जोडाक्षरे पाय मोडल्यासारखी दिसतात. जुन्या फॉण्टांत तर अक्षरे रोमन लिपीच्या जागा व्यापून बसलेली असत, त्यामुळे तो फॉण्ट नसलेल्या यंत्रावर सगळा मजकूर निरर्थक चिन्हांत बदलतो. उपाय साधा आहे. मजकूर तपासून झाला की अक्षरांचे रेषाचित्रांत रूपांतर करून मग फाइल द्यावी. मात्र त्याआधी मूळ प्रत जपून ठेवावी, कारण रूपांतरानंतर अक्षर दुरुस्त करता येत नाही. खतावणी जपून ठेवून नक्कल देण्यासारखेच हे आहे.

आता, न शिकलेले चालते असे काय? पुष्कळ आहे. ती रोज वक्ररेषा ओढते. त्यांच्या टोकांना धरून वाकविण्याची जी सोय आहे, तिचे गणित 1960च्या दशकाच्या आसपास फ्रान्समधील मोटार कारखान्यांत तयार झाले. रेनॉ कंपनीचे पिएर बेझिए यांचे नाव तिला मिळाले आहे. त्या समीकरणांवाचून सुनेचे काही अडत नाही. जेपेग फाइल चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून बारीक तपशील गाळते. गाळण्यामागचे गणित तिला नको, पण दर वेळी बदल करून नव्याने साठविताना पुन्हा काहीतरी गळते एवढे तिने जाणले पाहिजे. झेरॉक्सची झेरॉक्स काढली तर काय होते, हे आपणा सर्वांना माहीत आहेच. छपाईयंत्राचे रोलर, शाईचे रसायन, प्लेट कशी बनते, हे पाहण्यास मौजेचे आहे. मला तर फार मौज वाटली. तरी ते मशीनमनचे क्षेत्र आहे.

काही कलावंत मंडळी म्हणतात की शास्त्राने हात आखडतो. मला हे पटत नाही, आणि आपल्या परंपरेतील पुरावाही त्याविरुद्ध आहे. कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या ज्यांनी भांडारांत किंवा संग्रहालयांत पाहिल्या असतील त्यांना आठवेल, पाने रुंदीला लांब आणि उंचीला अगदी कमी. ताडपत्राचा आकारच तसा. लेखनिक आधी मजकूर लिहीत आणि चित्रासाठी चौकोन मोकळा सोडीत. पुष्कळदा समासात चित्रकारासाठी प्रसंगाची सूचना लिहून ठेवीत. म्हणजे दोन हातांमधल्या उंबऱ्यावर चिठ्ठी लावलेली असे! चौदाव्या शतकापासून कागद रुळला. पोथी ओवण्याचे भोक आता नको होते, तरी पुष्कळ पोथ्यांत त्या जागी नुसते सुशोभित वर्तुळ काढीत राहिले. सवय हत्यारापेक्षा अधिक जगते, हेही खरे. पुढे सोने आणि लाजवर्दी निळा यांची रेलचेल झाली. तांब्यापासून होणारा जंगाल नावाचा हिरवा तेव्हाही वापरात होता. तो कागद खातो, आणि जुन्या हस्तलिखितांत हिरवा रंग होता त्या जागी कागद फाटलेला दिसतो. रंग लावणाऱ्या हाताला त्या क्षणी तो सुंदरच दिसला असणार. रंग आणि कागद यांच्या उंबऱ्यावर काय होईल हे कळायला शेकडो वर्षे जावी लागली.

त्यानंतरचे दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. राजा रविवर्मा तैलचित्रकार. ती चित्रे घरोघरी पोचावीत म्हणून 1894 साली मुंबईत छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. शिळाछापाचे तंत्र जर्मन कारागिरांचे. एका चित्रातील रंग वेगवेगळे करून प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा आणि एकावर एक छापायचे. रविवर्म्यांनी स्वतः दगड घासले नाहीत, त्यांना जाणकार हात मिळाले. याच छापखान्यासाठी फोटो-लिथोचे काम करणारे एक गृहस्थ म्हणजे दादासाहेब फाळके. ते जे. जे. कलाशाळेत शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, 1909मध्ये रंगीत छपाईसाठी जर्मनीला गेले, 1912मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. वाटाण्याचे रोप उगवताना थोडे थोडे टिपून त्यांनी आधी आपली खात्री करून घेतली आणि 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. फिल्मच्या कडांना भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सारे घरात. फाळक्यांना इतके शास्त्र का शिकावे लागले? कारण उंबऱ्यापलीकडे उभा राहील असा दुसरा माणूस तेव्हा सहज मिळण्यासारखा नव्हता.

त्यामुळे ‘किती शिकावे’ याचे उत्तर कलावंताच्या बुद्धीइतकेच त्याच्या आजूबाजूला किती हात आहेत यावरही ठरते. मोठ्या ॲनिमेशन स्टुडिओत आकृती घडविणारा एक, तिच्यात सांधे बसविणारा दुसरा, प्रकाश देणारा तिसरा, सर्व जुळवून आणणारा चौथा. तेथे प्रत्येकाला शेजाऱ्यापुरते कळले की पुरते. घरी एकटीने काम करणाऱ्या मुलीला शेजारीच नाही. तिला स्टुडिओतल्या पगारदारापेक्षा शास्त्र जास्त लागेल. ही गोष्ट आपल्याकडे कुणी लक्षात घेत नाही. घरबसल्या करायचे काम म्हणजे हलके काम, असे आपण धरून चालतो.

व्याह्यांच्या एआयविषयी एवढेच सांगतो. ती यंत्रे देतात ते चित्रही पडद्याच्या तीन दिव्यांचेच असते आणि ठिपकेही मोजकेच असतात. आकाश त्याचेही जांभळे होईल.

शेठजींना मी लेखी टिपण दिले, कर्जप्रस्तावाला जोडतो तसे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आज नको. तिला तीन महिने आठवड्यातून दोन दिवस छापखान्यात बसू द्यावे, छापील शाईच्या छटांचे नमुनापुस्तक आणून द्यावे, आणि यापुढे कोणतीही मोठी छपाई एका प्रुफावर घरातल्या दोघांनी उन्हात पाहून सही केल्याशिवाय करू नये. शरीररचना, छायाप्रकाश, रंगसंगती हे ज्ञान मात्र मी त्या यादीत घातले नाही. ते उंबऱ्याचे नाही, हाताच्या वाढीचे आहे, त्याला मुदत घालता येत नाही. दोन वर्षांनी तिला स्वतःलाच कोर्स करावासा वाटला तर तेव्हा फी भरावी. शेठजींनी टिपण दोनदा वाचले आणि नमुनापुस्तकाची किंमत विचारली. ऐकून म्हणाले, “दीड हजार पत्रिकांपेक्षा स्वस्त आहे.”

गोदामातील पत्रिकांचाही मार्ग निघाला. सुनेने त्यांतील चित्राचा भाग कापून त्यांची पाठ कोरी असल्याचा उपयोग केला, आणि पाठशाळेतील मुलांसाठी गाथा लिहून घेण्याची पत्रे केली. आकाश जांभळे आहे म्हणून मुलांनी अद्याप तक्रार केलेली नाही.

या महिन्यात तिच्याकडे नवे काम आले आहे. जन्मकल्याणकाच्या मिरवणुकीचे निमंत्रण, वर पंचरंगी ध्वज. संघाच्या विश्वस्तांनी हौसेने पिवळसर हातकागद पसंत केला. परवा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ती कागदाचा तुकडा उंबऱ्याशी, उन्हात धरून उभी होती.

“काका, या कागदावर पांढरा पट्टा पिवळट दिसेल,” ती म्हणाली. “एक तर कागद बदलायला सांगावा लागेल, नाहीतर आधी पांढऱ्या शाईचा एक हात मारून घ्यावा लागेल. ऑफसेटवाल्याकडे तो नसेल, स्क्रीनवाल्याकडे असतो.”

शेठजी गादीवरून म्हणाले, “विश्वस्तांना मी सांगतो. तू आधी स्क्रीनवाल्याचा दर विचार.” ती फोन लावू लागली.